खाडीकाठचा निबंध

गेल्या हिवाळ्यात सातवीतल्या माझ्या मुलीने ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांवरचा निबंध माझ्या फोनवरील चॅटजीपीटीकडून लिहून घेतला, तेव्हा त्या सुबक वाक्यांपेक्षा तिचा अलिप्तपणा मला अधिक खटकला. या सेवेच्या अटींनुसार वापरकर्त्याचे वय किमान १३ वर्षे असावे लागते. हे मी आधीच वाचायला हवे होते.

पुढच्या रविवारी आम्ही फोन घरी ठेवून ऐरोलीच्या खाडीकाठी गेलो. २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झालेल्या या पाणथळ क्षेत्रात, ओहोटीच्या चिखलात चोच उलटी धरून अन्न गाळणारे पक्षी ती दुर्बिणीतून कितीतरी वेळ पाहत राहिली. अन्नातील रंगद्रव्यांमुळे त्यांना गुलाबी रंग येतो, हे यंत्राने तिला अचूक सांगितले होते. मात्र त्यांतील काही पक्षी करडे का, हा प्रश्न तिला तिथे, चिखलाच्या वासात उभी असतानाच पडला. ते अजून लहान होते.

आता ती आधी वहीत स्वतःचे उत्तर लिहिते, मग यंत्राला प्रश्न मी विचारतो. संभाव्य शब्द जुळवत जाणारे हे तंत्र चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे देते, म्हणून दोन्ही उत्तरे आम्ही पुस्तकाशी ताडून पाहतो. रविवारची सकाळ मात्र येऊरच्या जंगलवाटेची असते.