बोलेरोचे चार लाख दहा, गुरुजींच्या गाडीचे दोन नव्वद

"भाऊ, दोन रिपोर्टांतले आकडे इकडचे तिकडे झाले का?" ऑफिसातल्या पोट्ट्याचा रात्री साडेआठला फोन. नाही बाबा, म्हटलं, बरोबर आहेत, तसेच चढव. त्याला पटलं नाही. 2014 ची बोलेरो, एक लाख बासष्ट हजार किलोमीटर चाललेली, तिचे चार लाख दहा हजार आणि 2016 ची चकाचक सेडान, फक्त बेचाळीस हजार चाललेली, तिचे दोन लाख नव्वद. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे उलटंच वाटणार.

मी जुन्या गाड्यांची किंमत काढतो. कोणी सेकंडहँड गाडी लोनवर घेतली किंवा घरच्या गाडीवर लोन मागितलं की फायनान्सवाले मला पाठवतात, मी जाऊन गाडी पाहतो, फोटो काढतो, चेसिस नंबरची छाप घेतो आणि आकडा टाकतो. नऊ वर्षं झाली यवतमाळ जिल्हा पालथा घालून राहिलो, घाटंजी, आर्णी, दिग्रस, पांढरकवडा. पण एकाच गावात एकाच दिवशी अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या त्या दिवसासारखा दिवस नाही आला.

गाव घाटंजीच्या पुढचं. सोयाबीन निघालं होतं, अर्ध्या डांबरी रस्त्यावर वाळत टाकलेलं, माझी स्प्लेंडर त्याच्या कडेकडेनं चाललेली. कापसाचा पहिला वेचा सुरू. हे दिवस आमच्या धंद्याचे, हातात पैसा येतो तेव्हाच गाडी सुचते, चैत्रात कोणाला सुचत नाही.

पहिली गाडी मिस्त्रीच्या अंगणात उभी. मिस्त्रीला सगळे चाचा म्हणतात. कडुनिंबाखाली टिनाचं शेड, बाजूला दोन ट्रॅक्टर उघडे पडलेले, एका पिकअपचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला. बोलेरो विकणारे दादाजी खाटेवर, घेणारा पोरगा उभाच. दादाजी तिला बोलेरो म्हणत नाहीत, जीप म्हणतात. महिंद्रानं 1947 पासून विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासून खेड्यात चार चाकांची उंच गाडी म्हणजे जीपच. "आमच्या बापानं इंटरनॅशनल घेतलं होतं," दादाजी सांगत होते. इंटरनॅशनल म्हणजे ट्रॅक्टर, महिंद्रानं 1963 मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीसोबत मिळून सुरू केलेलं. तेच महिंद्राचे ट्रॅक्टर पुढे आपल्या नागपूरच्या हिंगण्यातही बनायला लागले, त्यामुळे इकडच्या माणसाला ती कंपनी परकी कधी वाटलीच नाही. ज्याच्या घरी बापाच्या वेळेपासून त्या नावाचं इंजन धडधडत आलं तो पहिली गाडी घ्यायला निघाला की दुसरीकडे वळेल कशाला? ट्रॅक्टरला लोन देणारा माणूसही ओळखीचा, त्याला माहीत की हप्ता महिन्याचा नाही, पीक निघाल्यावरचा पाहिजे.

मी कामाला लागलो. बोनेट उघडलं, चाचानं गाडी चालू केली आणि माझ्या आधी त्यानंच ऑइलचं झाकण काढून उलटं करून भोकावर ठेवलं. झाकण उडून पडलं की इंजन गेलं समजायचं, आमच्या भाषेत बॅक मारते. हे झाकण नुसतं थरथरलं, जाग्यावर राहिलं. चाचा माझ्याकडे पाहून हसला, बोलला काही नाही. मग मी बोटानं दरवाजे ठोकत गेलो, डाव्या बाजूला मागच्या दाराला पुट्टीचा ठस्स आवाज आला, दादाजींनी लगेच कबूल केलं, "बैल धडकला होता पोळ्याच्या दिवशी." खाली वाकून चेसिसवरचा चिखल डिझेलच्या फडक्यानं पुसला, कागद ठेवून पेन्सिल घासली, एकेक आकडा वर आला. मागचे स्प्रिंगचे पाटे पाहिले, एक पाटा नवा होता. कुठून आणला विचारलं तर चाचा म्हणे घाटंजीहून, त्याच दिवशी. क्लच प्लेट, फिल्टर, सेल्फचे कार्बन सगळं तालुक्याला काउंटरवर मिळते, कारण 2523 सीसीचं इंजन बोलेरोतही आणि पिकअपमध्येही, आणि पिकअप म्हटलं की कापूस, तूर, बकऱ्या, वरात, सगळं तिच्यावरच. एका गावात दोन पिकअप असल्या की त्यांच्या भरवशावर दहा बोलेरो जगतात. शोरूमचा माणूस हे सांगणार नाही, त्याला बहुतेक माहीतही नसते.

लोक म्हणतात तहसीलदार, ठाणेदार त्याच गाडीत फिरतात म्हणून खेड्यात तिचा रुबाब. आहे, रुबाब आहे. पण रुबाबानं फार तर नवी गाडी विकली जाते, दहा वर्षांच्या जुन्या गाडीला भाव येत नाही. सुमो 1994 ला आली तेव्हा तिचाही कमी रुबाब नव्हता.

आणि 2016 मध्ये चार मीटरच्या आतल्या गाडीला टॅक्स कमी म्हणून कंपनीनं बोलेरोची लांबी घटवून, दीड लिटरच्या आतलं इंजन टाकून पॉवर प्लस आणली, तेव्हापासून जुन्या अडीच लिटरवाल्यांचा शोध अजूनच वाढला. चाचासारख्यांचा हात तिच्यावर बसलेला.

दुसरी गाडी गुरुजींची, चार घरं सोडून. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतले, रिटायरमेंटला दोन वर्षं बाकी, मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी गाडीवर लोन पाहिजे होतं. कव्हरच्या नाड्या सोडून त्यांनी गाडी दाखवली आणि खरं सांगतो, नऊ वर्षांत इतकी जपलेली गाडी पाहिली नाही. सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये तारखेवार. कंपनीचं नाव सांगत नाही, गाडी चांगलीच होती, पुण्याच्या मुलानं व्हिडिओ पाहून पाहून निवडलेली. पण दीड वर्षापूर्वी डॅशबोर्डवर पिवळा लाइट लागला. चाचाकडे स्कॅनर नाही, यवतमाळातलं त्या कंपनीचं शोरूम बंद झालेलं, शेवटी गाडी टोचन करून नागपूरला नेली आणि एका सेन्सरसाठी एकोणीस दिवस तिथं पडून राहिली. गुरुजी रोज फोन करायचे. त्यानंतर त्यांनी गाडी गावाबाहेर काढणंच कमी केलं, मीटरवर बेचाळीस हजार कसे ते मला तिथं समजलं.

आकडा ऐकून गुरुजींचा चेहरा उतरला. "दोन नव्वद? अहो मी साडेदहा लाख मोजलेत."

मी म्हटलं, गुरुजी, गाडी वाईट नाही, पण फायनान्सवाला हे पाहते की तुम्ही हप्ता नाही भरला तर ही गाडी ओढून नेऊन कोणाला विकायची, आणि या तालुक्यात ही घेणारा माणूस नाही. नागपुरात थोडे जास्त येतील, पण तिथं अशा पुष्कळ उभ्या आहेत. माझ्या पहिल्या वर्षी मी अशाच एका गाडीला चकाकी पाहून भरमसाट आकडा टाकला होता, ती गाडी पुढे ओढून आणल्यावर सात महिने फायनान्सच्या यार्डात धूळ खात राहिली आणि मला साहेबानं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे गुरुजींना सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं कदाचित.

"आणि त्या दादाजींच्या डब्याला?"

सांगितलं. गुरुजी चप्पल घालून माझ्यासोबत चाचाच्या अंगणात आले. तिथं इसार चालू होता, पोरगा अकरा हजार मोजून दादाजींच्या हातात देत होता. गुरुजी सरळ त्याच्याजवळ गेले, "बाळा, हिच्यात एअरबॅग नाही हे माहीत आहे ना? माझ्या गाडीत दोन आहेत."

पोरगा त्यांचाच विद्यार्थी निघाला. मान खाली घालून म्हणे, "गुरुजी, आपल्या पांदणीत गाडी वीसच्या वर जातेच कुठी."

"आणि हायवेला?"

पोरगा गप्प. मीही गप्प. गुरुजींचं बरोबरच होतं, माझ्या फॉर्ममध्ये टायरला रकाना आहे, बॅटरीला आहे, रेडिओला आहे, एअरबॅगला नाही. दादाजींनी नोटा बंडीच्या खिशात घातल्या, उठून गाडीत गेले, डॅशबोर्डवरचा गजानन महाराजांचा फोटो काढायला लागले, तो निघेना, इतक्या वर्षांचा चिकटलेला. पोरगा म्हणे राहू द्या दादाजी. "कसा राहू देऊ बावा, नवीन घ्याची हाय ना मले," दादाजी म्हणाले आणि चाचाकडून पाना मागितला.

नवीन कोणती, ते मी विचारलं नाही, सगळ्यांना माहीतच होतं.

गुरुजी थोडा वेळ उभे राहिले. मग चाचाला हळूच म्हणाले, "आमच्या गाडीचं ऑइल तरी बदलून देशील का?"

चाचानं हात पुसले. "ऑइल बदलून देतो गुरुजी, रोज आणा. पन तो पिवळा लाइट लागला तं माह्याकडं नका आनू."