आमची वाटचाल: वागळे इस्टेटमधील एका सूक्ष्मजीव प्रयोगशाळेची

एम.एस्सी. झालेल्या मुलीचे पुढे काय होणार, हा प्रश्न माझ्या वडिलांनी १९९९ साली विचारला होता. आज आमच्या प्रयोगशाळेत मुलामुलींना पहिल्या दिवशी सोडायला येणारे पालक तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारतात. वडिलांना मी तेव्हा उत्तर देऊ शकले नव्हते. दोन वर्षे एका औषध कारखान्यात कंत्राटी पद्धतीने काम केल्यानंतर, २००१ च्या डिसेंबरमध्ये मी आणि माझी वर्गमैत्रीण अशा दोघींनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ३५० चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतला आणि पाणी व अन्नपदार्थांची सूक्ष्मजीव तपासणी सुरू केली.

आमची पहिली मोठी खरेदी म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेला उभा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने भांडी आणि माध्यमे निर्जंतुक करणारे यंत्र. पायाच्या दांड्याने झाकण उचलणारा तो ऑटोक्लेव्ह आजही चालतो. १२१ अंशांवर १५ मिनिटे, हे त्याचे वेळापत्रक प्रत्येक नव्या मुलाला पाठ असते. परंतु काटा १२१ दाखवत असला तरी आतली हवा पूर्ण बाहेर गेलेली नसेल तर निर्जंतुकीकरण होत नाही, हे वाफेचा आवाज ऐकून ओळखायला सहा महिने लागतात. अगर, म्हणजे जंतू वाढवण्यासाठीचा जेलीसारखा पदार्थ, वितळवून प्लेटमध्ये ओतताना तो ४५ अंशांच्या आसपास हवा. अधिक गरम असला तर नमुन्यातील जंतू मरतात आणि थंड झाला तर गुठळ्या होतात. माझी मैत्रीण बाटली गालाला लावून तापमान सांगत असे आणि नंतर थर्मामीटर लावला तर एखाद्या अंशाचाच फरक निघे. २००९ मध्ये ती सेट ही प्राध्यापक-पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात शिकवायला गेली. जंतू उचलून प्लेटवर पसरवायची तिची निक्रोम तारेची लूप मी अजून जपून ठेवली आहे.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली. ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा प्रत्यक्ष लागू झाल्यावर काम वाढले, २०१३ मध्ये आम्हाला प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता मिळाली आणि आम्ही शेजारचा गाळाही घेतला.

२०१६ च्या दिवाळीपूर्वी मात्र आमच्यापासून दोन रस्ते सोडून एक मोठी प्रयोगशाळा उघडली. तिचे नाव मी लिहीत नाही. त्यांनी आमच्या निम्मे दर लावले आणि सर्व अन्न तपासण्यांचा अहवाल ४८ तासांत देण्याची जाहिरात केली. या व्यवसायातील कोणालाही यातील विसंगती कळेल. यीस्ट आणि बुरशीची प्लेट २५ अंशांवर पाच दिवस ठेवावी लागते. साल्मोनेला या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जंतूचे काम पेप्टोन वॉटर या पोषक द्रवापासून सुरू होऊन निवडक माध्यमे, एक्सएलडी माध्यमाची प्लेट आणि पुष्टी चाचण्या असे चार-पाच दिवस चालते. माणसे वाढवून किंवा यंत्रे आणून हे दिवस कमी होत नाहीत, कारण ती जंतूंच्या वाढीची गती आहे. तरीही ग्राहक गेले, आणि ते मला अजून सलते.

त्याच महिन्यात आमच्या पाच विश्लेषकांपैकी चौघे तिकडे गेले. आम्ही १४ हजार रुपये पगार देत होतो, त्यांनी २२ हजार देऊ केले. मुलांच्या घरच्या अडचणी मला ठाऊक होत्या, त्यामुळे जाण्याबद्दल माझा राग नव्हता. एका दिवसाचीही सूचना न देता गेल्याबद्दल होता आणि आहे. त्या चौघांत अन्न विभागाचा आमचा ऑथराइज्ड सिग्नेटरी, म्हणजे अहवालांवर सही करण्याचा अधिकार असलेला विश्लेषक होता. मी स्वतः केवळ पाण्याच्या तपासण्यांसाठी सही करू शकत होते. सही करणारा गेल्याबरोबर आम्ही एनएबीएलला कळवले आणि माझे मूल्यांकन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, अन्नाचे अहवाल एनएबीएलच्या बोधचिन्हाशिवाय, म्हणजे मान्यतेविना निघाले. त्यातच ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, रोखीने व्यवहार करणारे लहान ग्राहक थांबले, आणि प्लेट ठरावीक तापमानात ठेवणाऱ्या नव्या इन्क्युबेटरचा हप्ता भरण्यासाठी मी हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या.

त्या काळात कळव्याचे मसालेवाले काका आमच्यासोबत राहिले. ते २००४ पासून आमचे ग्राहक होते आणि दर सोमवारी स्कूटरवर नमुन्यांची पिशवी घेऊन येत. मान्यताप्राप्त अहवालाशिवाय त्यांचा माल पुढे जात नसल्याने त्यांना त्या नव्या प्रयोगशाळेत जावेच लागले; परंतु प्रत्येक बॅचचा दुसरा नमुना ते आमच्याकडे देत राहिले आणि त्याचे पूर्ण पैसे मोजत राहिले. जानेवारी २०१७ मध्ये त्यांच्या गरम मसाल्याच्या एका बॅचमध्ये आम्हाला साल्मोनेला मिळाला, आणि त्याच बॅचचा दुसरीकडचा अहवाल ‘आढळला नाही’ असा होता. लवंग आणि दालचिनीतील तेल जंतूंची वाढ दाबून ठेवते. २५ ग्रॅम नमुन्याला नेहमीप्रमाणे २२५ मिलिलिटर पेप्टोन वॉटर घेतले तर जंतू असूनही उगवत नाही. दालचिनीसाठी तो नमुना १:१०० आणि लवंगेसाठी १:१००० इतका पातळ करावा लागतो. म्हणजे अडीच लिटर किंवा त्याहून कितीतरी अधिक माध्यम लागते, मोठे फ्लास्क लागतात, इन्क्युबेटरमधील जागा अडते, आणि म्हणूनच हे काम निम्म्या दरात होऊ शकत नाही. काकांनी तोच नमुना तिसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, तिथे आमचाच निष्कर्ष आला, आणि त्यांनी संपूर्ण बॅच नष्ट केली. नुकसान त्यांचे झाले, तरी पुढच्या सोमवारी ते पिशवीसोबत आणखी दोन मसालेवाल्यांना घेऊन आले. एप्रिलपर्यंत ११ ग्राहक परतले आणि पाटल्याही सुटल्या.

गरम मसाल्याचा तो नमुना जास्त पातळ करायचे काम त्या वेळी जिने केले, ती आमच्याकडे उरलेली एकमेव विश्लेषक होती आणि एम.एस्सी.चे शेवटचे सत्र संपवून नुकतीच आली होती. हे तिला पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. पदवीचा उपयोग काय, असे मला विचारणाऱ्यांना मी तिचे काम सांगते.

आता पालक आणि मुले भेटतात तेव्हा काही गोष्टी मी न विचारताही सांगते. गुणपत्रिकेवर विषयाचे कोणते नाव छापले आहे ते प्रवेशापूर्वीच पाहावे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान यांची नावे आहेत. ‘लाइफ सायन्सेस’ एवढेच लिहिलेल्या पदवीला जाहिरात वाचून समकक्षता तपासावी लागते. संशोधनाची खरी ओढ असेल त्याने नेट-जेआरएफ ही संशोधन छात्रवृत्तीची परीक्षा द्यावी. जानेवारी २०२३ पासून ती छात्रवृत्ती महिन्याला ३७ हजार रुपये आहे, आणि कर्करोग संशोधन करणारी अ‍ॅक्ट्रेक संस्था तर आपल्या खारघरलाच आहे. मात्र नोकरी मिळाली नाही म्हणून पीएच.डी.ला जाऊ नये. पाच वर्षांनी तोच प्रश्न अधिक वयात समोर येतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या, संगणकावरच्या नोकऱ्यांत सुरुवातीचा पगार आमच्यापेक्षा चांगला असतो, हेही मी लपवत नाही. परंतु तीन वर्षे पिपेट हातात न धरलेल्या मुलाला पुन्हा प्रयोगशाळेच्या बाकावर येणे जड जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. औषध कारखान्यांसाठीचे सुधारित शेड्यूल एम, म्हणजे उत्पादनाच्या दर्जाचे नियम, अधिसूचित झाल्यापासून सूक्ष्मजीव विभागात हात चालणारी माणसे शोधली जात आहेत. तिथे निर्जंतुकता चाचणी १४ दिवस चालते आणि चौदाव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखेच लक्ष लागते.

आमच्याकडे आजवर ३१ पदव्युत्तर मुलामुलींनी काम केले. मुलाखतीत आम्ही गुणपत्रिका शेवटी पाहतो. आधी उमेदवाराला एक प्लेट देतो आणि कॉलनी, म्हणजे जंतूंचे दिसणारे ठिपके, मोजायला सांगतो. ती प्लेट मुद्दाम ३०० च्या वरची असते. बहुतेक जण घाईने मोजू लागतात. ही प्लेट मोजण्यायोग्य नाही, पुढच्या, अधिक पातळ केलेल्या डायल्यूशनची द्या, असे सांगणारे थोडे असतात. गेल्या मार्चमध्ये बदलापूरहून आलेल्या एका मुलीने तसे सांगितलेच, शिवाय प्लेट किती तास ठेवली होती आणि किती अंशांवर, हेही विचारले. तिला आम्ही त्याच दिवशी घेतले. काकांचा मुलगा आता सोमवारी टेम्पोने नमुने पाठवतो आणि ते नमुने तीच उघडते.