डॅशहाउंड घ्यायचाय? आधी जिना बघा

लेकीला कुत्रा हवा होता, आणि तोही डॅशहाउंडच. आमचं घर कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. ओळखीच्या व्हेटना विचारलं, तर त्यांनी आधी जिन्याचीच चौकशी केली. या जातीचे पाय आखूड असतात ते हाडांच्या वाढीतल्या जनुकीय बदलामुळे, आणि त्याच बदलामुळे मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक होऊन सरकतात. साधारण चारातल्या एका डॅशहाउंडला कधी ना कधी हा त्रास होतो; वेळ वाईट असेल तर मागचे पाय लुळे पडतात. “रोज उचलून न्यायची तयारी असेल तरच घ्या,” ते म्हणाले. नवरा तयार झाला. उचलणार तोच होता, त्यामुळे विषय मिटला.

मग शोधाशोध. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. फोनवर एवढं विचारलं की बऱ्याच जणांचा सूर बदलायचा. एकाने ठिपकेदार डॅपल पिल्लं दाखवली, ‘रेअर कलर’ म्हणून भाव चढा. आई-बाप दोघंही डॅपल! अशा जोडीची काही पिल्लं बहिरी, आंधळी निघू शकतात. लेक हिरमुसली, पण आम्ही तिथून निघालो.

शेवटी काळा-तांबूस, आखूड केसांचा गुंड्या मिळाला. त्याच्या आईला अंगणात चालवून दाखवा म्हटलं, आजी-आजोबांच्या पाठीचंही विचारलं. केनेल क्लबचे वंशावळीचे कागद होते, ते बघितले. पण माझ्या मते कागदापेक्षा ही चौकशी मोलाची.

लसी, रेबीजचं इंजेक्शन, महापालिकेचा परवाना हे सगळं रीतसर पार पडलं. खरं काम घरातच होतं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि पाठ आडवी सरळ. पुढचे पाय धरून लोंबकळत उचलायचं नाही, हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं. सुताराकडून सोफ्याला प्लायचा उतार करून घेतला. नुसत्या प्लायवर नखं घसरायची, म्हणून वर जुनी सतरंजी ठोकली. गुंड्याने पहिले काही दिवस ती कुरतडली, मग वापरायला लागला. गळ्यात पट्टा आहे तो फक्त बिल्ल्यापुरता, फिरायला नेताना छातीभोवती बांधायचा हार्नेस.

वजन वाढलं की भार पाठीवर, म्हणून खाणं मापून. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. इथे आमच्या सासूबाईंशी रोजचा सामना. “एवढासा घास!” म्हणत त्या शिरा भरवायला निघतात. शिऱ्यातले बेदाणे आणि पोह्यातला कांदा कुत्र्याला विषारी, हे त्यांना व्हेटच्या तोंडून ऐकवलं तेव्हा कुठे पटलं.

भुंकणं अंगापेक्षा दुप्पट. मूळची जर्मनीत बिळातल्या बिज्जूच्या (बॅजरच्या) शिकारीसाठी तयार केलेली जात. आवाज जमिनीखालून मालकाला ऐकू यायला हवा ना! आमच्याकडे तो कुरिअरवाल्यासाठी वापरला जातो. बिळाची हौस सासूबाईंच्या गोधडीत भागते.

शी-शू शिकवणं मात्र अजून चालूच आहे. पावसाळ्यात पोट ओल्या गवताला लागतं, म्हणून हा पाऊल टाकत नाही. नवरा दोन जिने त्याला उचलून खाली नेतो, डोक्यावर छत्री धरतो, आणि साहेब नुसतं वास घेऊन परत वर न्या म्हणून बघतात. आता बाल्कनीत ट्रे ठेवलाय. मूड असला तर वापरतो.