बुलबुल आणि मार्मोसेट

आज पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठच्या कडुनिंबावर लालबुड्या बुलबुलांची जोडी मनसोक्त बोलत होती. शेंडी ताठ, शेपटीखालचा लाल ठिपका दर उडीला चमकतोय. ऐकताना ब्राझीलचं मार्मोसेट आठवत राहिलं. जेमतेम ३०० ग्रॅमचं माकड. बुलबुल तर ४० ग्रॅमच्या आसपास, तरी आवाजाच्या करामतीत तो वरचढ. पक्ष्याचं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तळाशी, ती दुभंगते तिथे असतं आणि त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालू शकतात. माकडाचं आपल्यासारखं वर, गळ्यात.

पण मार्मोसेटचं खरं कौतुक थांबण्याचं! जोडीदार दिसेनासा झाला की ते लांब शिट्टी घालतं. ती पूर्ण संपल्यावर दुसरं पाचएक सेकंद गप्प राहतं, मगच उत्तर देतं. पिल्लाला तशी शिट्टी जन्मतः जमत नाही. रडणं, चिरकणं सगळं मिसळलेलं असतं. आईबाप जितकं जास्त उत्तर देतात तितकी ती लवकर सुधारते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१५ साली हे दाखवलं.

बुलबुल रेकॉर्ड करायचा तर उन्हं तापायच्या आत जा, झाडाच्या अगदी खाली उभे राहा. लांबून केलं की रिक्षांचे हॉर्न आवाज गिळतात. घरी निम्म्या वेगाने ऐका, एका शिळेतले तुकडे सुटे होतात.