शेवटचे दहा फूट

हेवर्ड, विस्कॉन्सिन, अमेरिका. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. ढगाळ, वारा पश्चिमेचा, पाणी ११ अंश.

तलावांचं पाणी सध्या उलटतंय. वरचा थर थंड होऊन खाली बसतो, खालचं पाणी वर येतं, आणि मस्की, म्हणजे ज्याच्यामागे आपण आहोत तो मोठा शिकारी मासा, कुठल्या खोलीवर असेल याचा नेम राहत नाही. नदीत ही भानगड नसते, प्रवाह पाणी कायम घुसळतच असतो. म्हणून या दिवसांत चिपेवा नाहीतर फ्लॅम्बो नदी बरी. पाणी चहासारखं तांबूस, त्यामुळे फ्लाय (गळावर केस बांधून केलेलं खोटं आमिष) काळी किंवा केशरी.

सामानाचं थोडक्यात. ९ फुटी, ११ वेटचा, म्हणजे जड फ्लाय फेकणारा दणकट रॉड आणि बुडणारी लाइन, म्हणजे फेकायची जाड दोरी. पैसे लाइनवर घालावेत, रिळावर नाही. मस्की फार लांब पळत नाही, रीळ बहुतेक वेळ लाइन गुंडाळून ठेवण्यापुरतंच. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला दोरा, चार फुटांच्या आत: ५० पौंड ताण सोसणारा फ्लोरोकार्बन आणि पुढे फूटभर तार. तार नसली तर दात लीडर सुरीसारखा कापतात.

फ्लाय वीत-दीड वीत लांब, हरणाच्या शेपटीच्या केसांची. नवखे हमखास केस जास्त बांधतात. मग भिजलेली फ्लाय पोतेऱ्यासारखी जड होते आणि तासाभरात खांदा भरून येतो. दिव्यासमोर धरल्यावर केसांतून उजेड आरपार दिसला पाहिजे. गळ एकच, ६/० मापाचा, त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढायचं. घसरलं तर कानस मारायची.

पण मस्की हुकतो तो यातल्या कशामुळे नाही. तो हुकतो होडीजवळ.

हा मासा फ्लायच्या मागे मागे थेट होडीपर्यंत येतो आणि तिथे ठरवतो. फ्लाय थांबली की विषय संपला. म्हणून ती दहा फुटांवर आली की रॉडचं टोक दोन फूट पाण्यात खुपसायचं, टोकाबाहेर लीडर आणि फूटभर लाइन ठेवायची, आणि न थांबता आठाचा आकडा काढायचा. इंग्रजी आठ, आपला ८ नव्हे. त्याला एकच वळण. लीडर आखूड का, ते इथे कळतं: लांब असला तर गाठ टोकाच्या कडीत अडकते आणि फ्लाय नेमकी नको तेव्हा थबकते.

वळण मोठं हवं. तीन-साडेतीन फुटांच्या माशाला परातीएवढ्या गोलात वळता येत नाही. सरळ जाताना फ्लाय खोल, वळताना थोडी वर आणि थोडी जोरात. बहुतेक मासे वळणावरच तोंड घालतात. मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीनंतर दोन आकडे काढायचेच. गढूळ पाण्यात तो खाली असून दिसत नाही.

माशाने फ्लाय घेतल्यावर रॉड वर उचलणं ही ट्राउट मासे धरणाऱ्यांची खोड. जबडा हाडाचा, रॉडचं टोक मऊ, सगळा जोर त्या लवचिकपणात जिरतो. लाइन हाताने कचकन मागे ओढायची, दोनदा, तीनदा, आणि रॉड आडवा माशाच्या शेपटीकडे न्यायचा. लाइन बुटाखाली असेल तर सगळंच मुसळ केरात. पायात नुसते मोजे असलेले बरे.

जाळं रबरी आणि मोठं, मासा त्यात पण पाण्यातच. लांब चिमटा, जबडा उघडा ठेवायची स्प्रिंग आणि गळ तोडायची कटर फेकीच्या आधीच हाताशी. गळ खोल असेल तर ओढाताण नको, तोडावा. गळ ५०-१०० रुपयांचा, मासा पंधरा वर्षांचा. फोटोसाठी आडवा धरायचा, एक हात पोटाखाली. नुसता जबड्याला लटकवायचा नाही. उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या जवळ गेलं की मस्कीच्या वाटेलाच जाऊ नये, सोडलेला मासाही दमून मरतो.

नुसता मागे येऊन परत गेला तर त्याच्यावर फेकत बसण्यात अर्थ नाही. जागा लक्षात ठेवायची, पडलेलं झाड, खडक, जे असेल ते. दिवेलागणीच्या आधी तिथेच परत, फ्लाय एक माप लहान.