तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचा नंबर अजून माणूस का बघतो?

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गोदामात येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. बिलं आपोआप, ई-वे बिल (माल गाडीतून नेताना लागणारा सरकारी पोर्टलवरचा कागद) आपोआप, मग गाडीची पाटी वाचायला फलाटावर मुलगा कशाला? इतके दिवस विषय बदलत होते. आता एकदाच लिहून टाकते.

ऑटोमेशनचा मला पश्चात्ताप नाही, हे आधी ऐका. सहा माणसांचे आम्ही बावीस झालो. तोच पंधरा अक्षरी जीएसटी नंबर, तोच पत्ता, तीच रक्कम आधी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग एक्सेलमध्ये, मग पोर्टलवर. पोरं रात्री नऊ-नऊपर्यंत बसायची. ते बंद केलं, बरोबरच केलं.

पुढे मात्र मी घाई केली. ट्रान्सपोर्टर सकाळी शीटमध्ये गाडीचा नंबर भरणार आणि तो थेट ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, जाणार, अशी सोय लावली. बिलिंगचे काका म्हणाले, "मॅडम, गाडी लागली की मी बघून येतो, मग टाकू." ते चलनाच्या मागे पेन्सिलीने नंबर उतरवून आणायचे. मी म्हटलं, "काका, त्याच फेऱ्या तर वाचवायच्यात." आणि मधे कुणी हात घालू नये म्हणून पोर्टलचा पासवर्ड बदलला.

जुलैत चार लाखांचे व्हॉल्व्ह वापीला निघाले. ठरलेली गाडी महाप्यालाच बंद पडली. ट्रान्सपोर्टरने दुसरी पाठवली, शीट तशीच राहिली. रात्री साडेअकराला ड्रायव्हरचा फोन आला: गाडी अडवलीय. नंबरात एक-दोन आकडे चुकले असते तर हजाराच्या दंडावर भागलं असतं, २०१८ चं तसं परिपत्रक आहे. इथे आख्खा नंबरच वेगळा. जीएसटी कायद्याचं कलम १२९, कराच्या दुप्पट दंड. मालावरचा कर ७२,०००, म्हणजे दंड १,४४,०००. पैसे भरून कागद होईपर्यंत ड्रायव्हर दोन रात्री गाडीतच झोपला.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. त्या रात्री मी पहिला फोन काकांना लावला आणि ओरडले, "नंबर बघितला नाहीत का तुम्ही?" पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. काका म्हणाले, "मॅडम, मला आता पोर्टलवर जाताच येत नाही ना." आवाज जराही चढला नव्हता. पासवर्ड मीच बदललाय, हे मला तेव्हा आठवलं.

चूक ट्रान्सपोर्टरची होती, असं तुम्ही म्हणाल. मीही महिनाभर तेच म्हणत होते. पण गाडी डोळ्यांनी बघणारा एकच माणूस होता आणि त्यालाच मी बाजूला केलं होतं.

आता मुलगा पाटी वाचून शेवटचे चार आकडे टाकतो. शीटशी जुळले तरच ई-वे बिल निघतं. दोन मिनिटं जातात. भाऊ म्हणतो, कॅमेरा लाव. लावेनही. पण पावसात पाटी चिखलाने माखलेली असते, मुलगा ती तळहाताने पुसतो तेव्हा कुठे आकडे दिसतात. त्याचं काय करायचं, मला अजून सुचलेलं नाही.

काकांची मी माफी मागितली. "असू दे," म्हणाले. नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला, तर घडी करून माझ्याच टेबलावर ठेवला. मार्चमध्ये ते निवृत्त झाले.