ब्लाइंड फेथची दुसरी बाजू

रविवार, रात्री साडेअकरा

आज संध्याकाळी ठाण्याला मित्राच्या घरी आम्ही चौघांनी 'ब्लाइंड फेथ' या इंग्लिश रॉक बँडचा त्याच नावाचा, १९६९ सालचा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकला. घरी आल्यावर झोप येईना, म्हणून लगेच लिहायला बसलो आहे. या अल्बमविषयी गेली पस्तीस वर्षे मी जे मत बाळगून होतो ते अर्धवट ऐकण्यावर उभे होते, हे आज मला नीट कळले.

अकरावीत असताना वर्गमित्राच्या थोरल्या भावाने मला एक कॅसेट भरून दिली होती. तिच्या एका बाजूला या अल्बमची पहिली चार गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला क्रीमची, म्हणजे यातले दोघे आधी ज्या बँडमध्ये होते त्याची. कॅसेट उलटली की एरिक क्लॅप्टनची गिटार आणि जिंजर बेकरचे ड्रम अंगावर धावून यायचे, आणि पुन्हा उलटली की तीच माणसे हात आखडता घेऊन वाजवत आहेत असे वाटायचे. नावे मोठी, पण काम थोडे, असा निकाल मी तेव्हाच देऊन टाकला. त्या अल्बमला एक दुसरी बाजूही आहे, याचा विचारसुद्धा मी केला नाही.

त्या काळच्या श्रोत्यांचेही काहीसे असेच झाले असावे. १९६८च्या अखेरीस क्रीम मोडला, पुढे गायक स्टीव्ह विनवुडचा ट्रॅफिक हा बँडही थांबला, आणि बर्कशायरमधल्या विनवुडच्या कॉटेजवर क्लॅप्टन व तो नुसते वाजवत बसू लागले. तिथे जिंजर बेकर येऊन दाखल झाला आणि फॅमिली या बँडचा दौरा अर्ध्यावर सोडून बेस वाजवणारा रिक ग्रेच आला. ७ जून १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा लाखाच्या आसपास लोक जमले होते आणि अल्बम अजून बाजारात आलेला नव्हता. म्हणजे त्या गर्दीने ही गाणी पूर्वी कधी ऐकलेलीच नव्हती. अमेरिकेच्या दौऱ्यात लोकांना क्रीमची गाणी हवी होती आणि अखेर त्यांना क्रीमची व ट्रॅफिकची काही गाणी वाजवावीही लागली. ऑगस्टमध्ये अल्बम आला, इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्याच महिन्यात होनोलुलूच्या कार्यक्रमाने दौरा संपून बँडही संपला. आपल्या चाहत्यांनी आपल्याकडे सतत जुनीच ओळख मागावी, याचे त्या चौघांना काय वाटले असेल, याचा विचार आज परतीच्या लोकलमध्ये मी बराच वेळ करत होतो.

क्रीमचा धागा मनातून काढून टाकला की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की हा अल्बम मुळात विनवुडचा आहे. सहापैकी तीन गाणी त्याची, आणि आवाज तर जवळपास सगळीकडे त्याचाच. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, हे आठवले की मला आजही नवल वाटते. 'कान्ट फाइंड माय वे होम'मध्ये त्याचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा तो ताणलेला वाटत नाही, थकलेला वाटतो. क्रीममध्ये दोन-दोन बास ड्रम घेऊन बसणारा बेकर इथे इतका हलका हात ठेवतो की गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो. ज्याला मी हात आखडणे म्हणत होतो, ते दुसऱ्याला जागा करून देणे होते.

'प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड' हे गाणे क्लॅप्टनने लिहिले, आणि गायला मात्र विनवुडला दिले. संथ, प्रार्थनेसारखे चाललेले हे गाणे मध्येच लय बदलते, वाह-वाह पेडलवरची (पायाने दाबून सूर वळवायच्या यंत्रावरची) गिटार उसळून येते, आणि पुन्हा सगळे शांत होते. पूर्वी मी त्या गिटारची वाट पाहत उरलेले गाणे सहन करायचो. आज गिटार संपल्यानंतरचा विनवुडचा परतीचा स्वर मला अधिक भिडला. बडी हॉली या जुन्या अमेरिकन गायकाचे 'वेल ऑल राइट' मात्र मला आजही या चार गाण्यांत थोडे उपरे वाटते.

मग मित्राने तबकडी उलटली, मऊ ब्रशने धूळ पुसली आणि सुई ठेवली. दुसऱ्या बाजूला दोनच गाणी आहेत, आणि शेवटचे 'डू व्हॉट यू लाइक' हे बेकरचे गाणे पंधरा मिनिटांहून मोठे आहे. ऑर्गन, गिटार, बेस आणि ड्रम अशी प्रत्येकाची पाळी त्यात येते. गाणी कमी पडली म्हणून केलेली ही भरती आहे, असा या गाण्यावर जुना आक्षेप आहे, आणि घाईचा भाग त्यात असेलही. परंतु आमच्यातला एक जण लहानपणी तबला शिकला आहे. गाणे सुरू होताच त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला आणि थोड्या वेळाने त्याने मला नुसता पंजा उघडून दाखवला. पाच मात्रा. गाणे संपल्यावर तो म्हणाला, की विभागणी झपतालाचीच आहे असे नाही, पण 'धी ना धी धी ना' एवढे मनात धरून ठेवले तर ऑर्गन कुठेही गेला तरी आपण हरवत नाही. आम्ही तसे धरून पुन्हा ऐकले. आणि मग ते गाणे लांबलचक वाटेना. चौघे एका आवर्तनाच्या आत फिरत आहेत आणि दरवेळी वेगळ्या दाराने बाहेर येत आहेत, असे वाटू लागले. बेकरने पुढे आपल्या एअर फोर्स या मोठ्या बँडमध्येही हे गाणे वाजवले, त्या बँडमध्ये विनवुड आणि ग्रेचही होते, आणि नंतर तो नायजेरियात जाऊन तिथल्या फेला कुटी या संगीतकाराबरोबर वाजवू लागला. त्या प्रवासाची सुरुवात मला आज या पाच मात्रांत दिसली.

आणि तरीही आज माझ्याबरोबर घरी आले ते याच बाजूचे पहिले गाणे, 'सी ऑफ जॉय'. त्यात रिक ग्रेच बेस बाजूला ठेवून व्हायोलिन वाजवतो. चौघांमध्ये त्याचेच नाव सर्वांत कमी घेतले जाते. १९९० साली तो गेला. गिटार खाली येते, व्हायोलिन काहीशा खरखरीत, लोकसंगीताच्या वळणाने वर चढते, आणि तेवढ्यापुरता क्लॅप्टनसुद्धा त्याच्या साथीला बसलेला असतो. निघायच्या आधी एवढी एक जागा ऐकण्यासाठी आम्ही सुई दोनदा मागे घेतली.